आत्तीचा तांब्या आणि फेज टू

सकाळपासून डोकं फिरलंय. एका सिनियर लिव्हिंग प्रोजेक्टवाल्या (म्हणजे म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली घरं) पोराचा फोन आला, पुण्याजवळ आहे मॅडम, कोल्हापूरकरांचा लई चांगला रिस्पॉन्स आहे. मागोमाग व्हॉट्सॲपवर ब्रोशर. सगळे आजीआजोबा नुसते पळतायत! एक स्विमिंग पुलात, एक गिटार घेऊन. अख्ख्या ब्रोशरमध्ये एक वॉकर दिसंल तर शपथ. मी विचारलं, बाबा रे, ह्यातलं एखादं अंथरुणाला खिळलं तर? तर म्हणे, "ते फेज टूमध्ये आहे मॅडम."

फेज टू! गुडघे काय पझेशनची तारीख बघून झिजतात व्हय?

आमच्या आत्तीचं बघा. मूलबाळ नाही, शाळेतनं रिटायर, कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. 2021 ला बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. मग तिला सांभाळायला ब्युरोच्या बायका, आज एक उद्या दुसरी. त्यात जुलैला पूर आला, शिरोलीला हायवे बंद, बाई पलीकडं आणि आत्ती अलीकडं, रात्री उठवायला मीच. दिवाळीनंतर तिला पुण्याला एका ठिकाणी ठेवली. काठी टेकत स्वतःच्या पायानं आत गेली, पिशवीत मामांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, नाव कोरलेला पितळी तांब्या.

तिथं बरं चाललं होतं, खोटं का बोलू. भिशीसुद्धा लावली तिनं. मग विसरायला लागली. संध्याकाळ झाली की गेटवर जाऊन उभी, "मी जातो आता, एसटी चुकंल." (आमच्याकडच्या बायका जातो-येतो असंच बोलतात, तिथल्या सिस्टरला वाटलं आजींचा आजार वाढला म्हणून पुरुषासारख्या बोलतात. काय सांगायचं आता.) महिन्याभरात निरोप, आम्ही फक्त इंडिपेंडंट लोक ठेवतो, न्या. दुसऱ्या ठिकाणी नर्स होती पण रात्री फिरणारं माणूस चालत नव्हतं. मग तिसरं. दीड वर्षात तीन खोल्या! ज्या माणसाला जेवलो का नाही ते आठवत नाही त्यानं दर वेळी संडास कुठल्या बाजूला ते नव्यानं शिकायचं. ह्याच हलवाहलवीत तांब्या गेला. माझं नाव विसरली, तांब्या नाही विसरली.

आणि आपले नातेवाईक अजून "टाकलं" ह्याच शब्दावर अडकलेत. आश्रमात टाकलं. अरे टाकलं काय, ती काय रद्दी आहे? घरी निगुतीनं सांभाळणारे आहेत, मान्य, त्यांच्या पाया पडते. पण त्या घरात सांभाळतं कोण, सूनच ना?

चीड येते ती ह्याची की घर का आश्रम ह्यावर सगळे भांडतात आणि खरा प्रश्न कोणी विचारत नाही, आज चालतंय, उद्या हात धरून आंघोळ घालायला लागली, परवा माणूस ओळखेनासं झालं, तरी त्याच आवारात ठेवणार का? असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामाला हाताशी माणूस), मेमरी केअर (विसरणाऱ्यांची देखभाल) हे शब्द ब्रोशरमध्ये असतात, ॲग्रीमेंटमध्ये बघा असतात का. 2024 ला महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, अशा घरांसाठी नियम काढले, लिफ्ट, व्हीलचेअर जाईल एवढं दार, बाथरूममध्ये धरायला दांड्या. चांगलंच केलं. पण दार रुंद असून काय करता, त्याच दारातनं बाहेर काढणार असतील तर? सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं 5 लाखाचं कार्ड मिळतं, तेही ॲडमिट झाल्यावर. कूस बदलायला बाई लागते तिचा पगार कुठल्या कार्डात बसतो?

महाग आहे हे सगळं, माहितीय. आत्तीला पेन्शन होती म्हणून तीन ठिकाणं तरी झाली.

आता ती माझ्याकडं आहे. मी बासष्ट वर्षांची, माझेच गुडघे बोलतात. काल तिला स्टीलच्या तांब्यातनं पाणी दिलं तर बुडाशी बोट फिरवत बसली, नाव शोधत होती बहुतेक. मी म्हटलं, आत्ती पी की गं. म्हणाली, "ह्यो आपला न्हवं." आणि तसाच ठेवला.

बास, आता लिहवत नाही.

त्या पोराला मेसेज केलाय, फेज टू कधी, मेमरी केअरला रात्री माणसं किती, आणि माणूस बिघडलं तर ठेवणार का काढणार हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून देणार का. दुपारी अडीचला ब्लू टिक आली. आत्ता साडेसहाला उत्तर आलंय, "मॅडम, संडेला साइट व्हिजिट ठेवू का? लंच आमच्याकडून."