‘काहून त्या मुक्या जनावराले गोळ्या चारता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या गोळ्यांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. दोन ओळींत भागण्यासारखी ती नव्हती, म्हणून सावकाश लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं असं: म्हातारपण म्हणजे आजार नव्हे, काहून त्या मुक्या जनावराले गोळ्या चारता? दुखण्याच्या गोळीनं किडनी जाते, हे तुम्ही शेजारच्या लॅब्राडोरच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरांना औषध खपवायचं असतं. हळद आणि तिळाच्या तेलाचं मालीश पुरेसं आहे, आणि गोळी द्यायचीच तर ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी द्यावी. जाता जाता एक टोला मलाही: ‘लिहिणारा डॉक्टर आहे काय?’

नाही. म्हणूनच त्या लेखात कुठे मिलिग्रॅमचा आकडा नव्हता, आणि इथंही सापडणार नाही.

शेजारच्या लॅब्राडोरपासून सुरू करतो, कारण तुमच्या लिहिण्यातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. तुम्ही बारकावे दिलेत. आधीच्या कुत्र्याच्या वेळची कार्प्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी घरात पडलेली होती, तीच सुरू केली. पावसाळ्यात खाज सुटली होती म्हणून त्याच सुमारास प्रेडनिसोलोनही चालू होतं. काही दिवसांत उलट्या, जेवण बंद, शी डांबरासारखी काळी. बाहेर काहीतरी उकिरड्यावरचं खाल्लं असेल म्हणून गोळ्या तशाच चालू ठेवल्या. मग सलाइन, आणि मग तो गेला.

काका, तो कशानं गेला हे मी इथं बसून ठरवू शकत नाही. पण या हकिकतीतलं एकेक वाक्य पशुवैद्याला वाचून दाखवा, दुसऱ्याच वाक्याला तो कपाळावर हात मारेल. कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम, फिरोकॉक्सिब ही स्टेरॉइड नसलेली सूज उतरवणारी औषधं. सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीरात तयार होतात, ती ही औषधं अडवतात. अडचण अशी की तीच रसायनं जठराचं आतलं अस्तरही राखतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. तेही जठराचं हेच संरक्षण कमी करतं. म्हणून ही दोन औषधं एकाच वेळी देत नाहीत. एक थांबवून दुसरं सुरू करतानाही डॉक्टर मध्ये काही दिवस मोकळे ठेवतात. काळी शी म्हणजे पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव होत असल्याची खूण. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, वर गोळी चालूच. किडनीवर यापेक्षा वाईट वेळ कुठली येणार?

तेव्हा ‘गोळीनं किडनी जाऊ शकते’ हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या घरात गोळी होती, पण तपासणी नव्हती, वजन करून ठरवलेला डोस नव्हता, आणि ‘उलटी झाली की गोळी बंद करून फोन करा’ असं सांगणारं कोणी नव्हतं. आधीच्या कुत्र्याची पट्टी म्हणजे आधीच्या कुत्र्याचं वजन, त्याचं लिव्हर, त्याची किडनी. रीतसर सुरुवात करायची तर आधी रक्ततपासणी होते: किडनीसाठी क्रिएटिनिन, आणि लिव्हरची एन्झाइम्स. मग दोन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि औषध लांबलं तर साधारण दर सहा महिन्यांनी. कार्प्रोफेनच्या बाबतीत लिव्हरकडे जरा जास्तच लक्ष देतात. काही थोड्या कुत्र्यांत पहिल्या काही आठवड्यांत लिव्हर अचानक बिघडतं, आणि 1998 साली याबद्दल जो अहवाल छापून आला त्यातली निम्म्याहून जास्त कुत्री लॅब्राडोर होती.

आपल्या नागपुरात यात आणखी एक भर घालावी लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, कुत्रं दिवसभर कुलरसमोरच्या फरशीवर जीभ काढून पडलेलं असतं आणि पाणी किती प्यालं हे कोणी बघत नाही. अशा दिवसांत ही गोळी चालू असेल तर पाण्याच्या भांड्यावर नजर हवीच. जेवण सोडलं, जुलाब लागले, मलूल झालं, तर त्या दिवशीची गोळी द्यायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. फरशीचं निघालंच आहे तर सांगतो, ती गुळगुळीत टाइल सांधे दुखणाऱ्या कुत्र्याची शत्रू आहे. जिथं तो उठतो-बसतो तिथं जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. याला कुठलं प्रिस्क्रिप्शन लागत नाही.

आता म्हातारपण. कुत्र्यांमधला संधिवात बहुतेक वेळा म्हातारपणी उपटत नाही. खुब्याचा सांधा जन्मापासून सैल असतो, कोपराची वाढ नीट झालेली नसते, किंवा गुडघ्यातला लिगामेंट फाटलेला असतो. झीज तरुणपणीच सुरू होते, आपल्याला दिसते नवव्या-दहाव्या वर्षी. आणि दिसते ती विव्हळण्यातून नाही. जिन्यापाशी थबकतो, गाडीत उडी मारत नाही, पाय वर करायचं सोडून बसून लघवी करतो, एकाच सांध्याला चाटत राहतो, मागच्या मांड्या हडकतात. पोरांनी कमरेला हात लावला की गुरगुरतो, आणि घरचे म्हणतात, म्हातारा खवट झाला. ‘म्हातारा झाला’ आणि ‘दुखतंय’ यांत फरक करायचा एक सोपा मार्ग डॉक्टर वापरतात: तपासणी ठीक असेल तर काही दिवस वेदनाशामक देऊन बघतात. पंधरवड्यात तोच म्हातारा पुन्हा फाटकापर्यंत धावत गेला, तर ते काय वय कमी झालं म्हणून?

हळदीला माझा विरोध नाही, वरणात रोज असतेच. पण तिच्यातलं कुर्कुमिन आतड्यातून रक्तात फारच कमी जातं, आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला त्यानं नेमका किती आराम पडतो याचा पुरावा तोकडा आहे. तिळाच्या तेलानं हलक्या हातानं मालीश करायला हरकत नाही, तो चाटेल आणि फार तर शी पातळ होईल. मात्र कापूर, निलगिरी किंवा विंटरग्रीन असलेलं माणसांचं तेल नको, ते चाटणं कुत्र्याला विषारी ठरू शकतं. कंबरदुखीवर आपण चोळतो ते डायक्लोफेनॅकचं जेलही नको. आयब्युप्रोफेन तर घरातल्या डब्यातून काढूच नका; माणसाला साधी वाटणारी ती गोळी कुत्र्याच्या जठराला भोक पाडू शकते.

डायक्लोफेनॅकचं नाव आलंच आहे तर थोडं आडवळण घेतो. मेलेल्या गुरांच्या मांसातून हेच औषध पोटात जाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. 2023 मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही आली. गिधाडांना सुरक्षित म्हणून ज्याची चाचणी आधी झाली ते मेलोक्सिकॅम, तुम्ही ज्याला ‘किडनीचं विष’ म्हणता त्यांतलंच एक. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातली लांब चोचीची गिधाडं 2024 मध्ये आपल्या पेंचच्या जंगलात सोडली, त्यांच्या आसपासच्या गुरांसाठी हेच औषध सुचवलं जातं. कुत्र्याच्या किडनीसाठी यातून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण ‘दुखण्याच्या गोळ्या सगळ्या सारख्याच’ हे मात्र खोटं ठरतं.

ट्रामाडॉलबद्दल तुमची माहिती जुनी आहे. माणसाच्या शरीरात त्याचं जे प्रभावी रूप तयार होतं ते कुत्र्यात फारच थोडं होतं. 2018 मध्ये छापलेल्या एका चाचणीत कोपर किंवा गुडघ्याचा संधिवात असलेल्या कुत्र्यांना ट्रामाडॉल दिलं, तर औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही, कार्प्रोफेननं पडला. म्हणजे ‘सुरक्षित’ म्हणून द्यायचं आणि कुत्र्यानं दुखणं सोसतच राहायचं.

डॉक्टरांच्या खिशाबद्दल: शंका येत असेल तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथं दुसरं मत घ्या. आणि चांगला डॉक्टर गोळीआधी वजनकाटा दाखवतो. 2002 मध्ये लॅब्राडोरांवरचा एक दीर्घ अभ्यास छापला गेला. आयुष्यभर पाव हिस्सा कमी खाऊ घातलेली कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्यात संधिवात उशिरा दिसला. जाड कुत्र्याचं सहा-सात टक्के वजन उतरलं तरी लंगडणं कमी होतं, आणि मग गोळीचा डोसही कमी करता येतो. आता आपल्या घरांत कुत्र्याला पोळी, तूप, बिस्किटं, वर लग्नातली जिलबी कोण चारतं ते मी सांगायला नको.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की तुमची शेफर्ड नऊ वर्षांची आहे आणि हल्ली गच्चीवर यायला मागत नाही. काका, तिचा फोनवर एक व्हिडिओ काढा, जिना चढताना आणि झोपेतून उठताना. दवाखान्यात कुत्री घाबरून ताठ चालतात, तिथं खरं लंगडणं दिसत नाही. व्हिडिओ घेऊन जा, रक्ततपासणी मागा, आणि तिला सध्या जे काही चालू आहे त्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या. खाजेची गोळी असेल तर ती आधी दाखवा.