पाळणाघर बंद कसं पाडावं

तुमच्या शिरोली एमआयडीसीतल्या कंपनीत पाळणाघर सुरू झालंय म्हणे. घाबरू नका. मालकानं विरोध करायची गरजच नाही. ते काम आपण कामगारच फुकटात करतो.

आधी कायदा समजून घ्या. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा मिळाली. चार वेळा! नेमकं इथंच धरायचं. आपण टपरीवर चहाला किती वेळा जातो ते मोजायचं नसतं. तिची खुर्ची रिकामी दिसली की मात्र घड्याळाकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "सही राहू दे, मॅडम 'मीटिंग'ला गेल्यात." आठवड्यात ती दोनदाच जायला लागेल. महिन्याभरात बाळ आजीकडं, कागलला.

पुढचा प्रश्न तयार ठेवा: "ह्यात आम्हाला काय?" ज्यांची पोरं इंजिनिअरिंगला आहेत त्यांच्या तोंडी तो जास्त शोभतो. कंपनीच्या फुटबॉल टीमच्या जर्सीला पैसे गेले तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी हे विचारलं नव्हतं, पण ते कुणी आठवत नाही.

तुम्ही बाप असाल तर फार जपा. "माझं पोरगं ठेवता येईल का?" असं एचआरला चुकूनही विचारू नका, संध्याकाळपर्यंत बातमी रंकाळ्यावर पोचलेली असते. पहिल्या वाढदिवसाचं चौकातलं डिजिटल बॅनर आपलं, त्यावर गॉगल लावलेलं बाळ आपलं, खाली मित्रमंडळाचे तीस फोटो आपले. लंगोट बायकोचा. विषय हार्ड!

कुणी शाहू महाराजांचा दाखला देईल. त्यांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. मान डोलवा. जयंतीला हार आपणच घालतो की. पण शाळेच्या आधीचं पोर ही ज्याची त्याची खाजगी अडचण, हे ठामपणे सांगा.

एवढं जमलं की नोटीस लागेल: प्रतिसादाअभावी पाळणाघर बंद. लगेच त्या खोलीत कॅरम मागणारा अर्ज करा. सह्या भराभर होतील. तिचीही घ्या.