‘घरबसल्या वैद्यकी’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार फार्मासिस्ट साहेब,

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या दोन औषधांवरचा माझा लेख वाचलात, आभार. तुमचं म्हणणं चार ओळींत आहे: साल चुकलं, किडनीबद्दल अवाक्षर नाही, वाचून लोक परस्पर गोळ्या बदलतील. आणि शेवटी, "दोन्ही एकाच माळेचे मणी, तुमच्यासारख्यांनी घरबसल्या वैद्यकी करू नये."

सालाचं मान्य. गॅबापेंटिन 2002 मध्ये आलं असं मी लिहिलं होतं. अमेरिकेत ते फिट्ससाठी 1993 मध्येच आलं. 2002 मध्ये नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी मान्यता मिळाली. दुरुस्त केलंय.

पण 'घरबसल्या'? 2018 मध्ये मला नागीण झाली, डाव्या बरगडीवर. विळखा पूर्ण झाला की माणूस जातं, असं घरी येऊन सांगणारेसुद्धा तुमच्यापेक्षा मऊ बोलत होते. फोड सुकले, आग राहिली. ब्लाउजची शिवण टेकली तरी डोळ्यांत पाणी. सात महिने मी पदर उजव्या खांद्यावर घेतला, गुजराती पद्धतीने. बँकेत त्याचीही चेष्टा झाली. पहिले दोन महिने बिनपगारी रजेवर होते, तेवढं घरबसल्या खरं.

आता मणी. दोन्ही औषधं नसांमधल्या कॅल्शियमच्या वाहिन्यांवर एकाच जागी जाऊन बसतात, हे लेखात मीच लिहिलंय. फरक आतड्यात पडतो. गॅबापेंटिन आत घेणारी वाट अरुंद. दिवसाला 900 मिलिग्रॅम घेतलं तर साधारण 60 टक्के रक्तात पोचतं, 3600 घेतलं तर 33 टक्क्यांच्या आसपास. डोस चौपट, पण पदरात चौपट पडत नाही. प्रीगॅबालिनचं तसं नाही, डोस वाढवला तरी 90 टक्के आणि वर. माझी गॅबापेंटिनची 300 ची कॅप्सूल दिवसातून तीनदा असायची. दुपारची काउंटरवर राहून जायची आणि चारच्या सुमारास बरगडी पेटायची. डॉक्टरांनी 75 चं प्रीगॅबालिन दोनदा दिलं. कळ उतरली, पाय सुजले, वजन पाच किलो वाढलं, तेही लपवलेलं नाही. मणी एकच असते तर डॉक्टरांनी बदललं कशाला? की त्यांचीही घरबसल्या वैद्यकी?

किडनीचं म्हणाल तर दोन्ही तिच्यावाटेच बाहेर पडतात, ती अधू असेल तर डोस कमी करतात. ते डॉक्टर बघतातच, त्यावर मी काय वेगळं लिहू? आणि परस्पर गोळ्या बदलण्याबद्दल तुमच्या व्यवसायातल्या माणसाने मला सुनवावं? आमच्या गल्लीतल्या दुकानात चिठ्ठी न बघता पाकीट हातावर ठेवतात. तिथे जाऊन लिहा अशी प्रतिक्रिया.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. पुढच्या वेळी 'तुमच्यासारख्यांनी' लिहिलंत तर उडवीन.