जुन्या सायकलीला ऑइलपेंट लावू नका

जुन्या सायकलींना ऑइलपेंट फासायचं आता थांबवा. अगदी कळकळीने लिहितोय. गेली कित्येक वर्षं मी एक सायकल शोधत होतो. त्या शोधात गंजून संपलेल्या सायकली पाहिल्या, पण त्याहून जास्त रंगवून संपवलेल्या पाहिल्या.

मला हवी होती हंबर, आणि तीही दुहेरी चिमट्याची. कुठल्याही सायकलीच्या पुढच्या चिमट्याला चाकाच्या दोन बाजूंना दोन नळ्या असतात. हंबरच्या वरच्या दर्जाच्या मॉडेलला प्रत्येक बाजूला दोन-दोन बारीक नळ्या, म्हणजे एकूण चार. रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते. कंपनी मूळची थॉमस हंबर यांची, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमकडची. 1932 साली तिचा सायकलींचा धंदा रॅले या दुसऱ्या सायकल कंपनीकडे गेला, तरी रॅलेने हा चिमटा मोडीत काढला नाही. मागच्या चाकाच्या मध्यभागी स्टर्मी-आर्चर कंपनीचा हब, म्हणजे तीन गिअर पोटात असलेला तुंबा, आणि चेनभोवती पत्र्याची बंद पेटी, तळाशी तेल. अशी चेन वर्षानुवर्षं धुळीचं तोंड पाहत नाही.

हे वेड लहानपणीचं. नाशिकरोडला प्रेसचा, म्हणजे सरकारी छापखान्याचा, भोंगा झाला की जेलरोडवर सायकलींचा लोंढा सुटायचा. त्यात आमच्या शेजारच्या काकांची हंबर असायची. गल्लीच्या तोंडाशी ते पायडल मारायचं थांबवायचे आणि हबची ती बारीक टिकटिक आम्हाला आधी ऐकू यायची, काका नंतर दिसायचे. पुढे त्यांनी स्कूटर घेतली आणि सायकल कुणाला तरी देऊन टाकली. कुणाला, ते त्यांनाही नंतर आठवेना.

शोधायला लागलो तेव्हा नाशकातल्या भद्रकालीपासून सुरुवात केली. मग द्वारका चौकाकडची भंगाराची दुकानं, गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार, देवळाली कॅम्पात जुन्या बंगल्यांतलं सामान निघालं की तिथे, सिन्नर, येवला, ओझर. जुन्या नाशकात वाडा पाडायला काढला की मी जाऊन उभा राहायचो. तिथे मात्र जीव तुटतो. सागवानी तुळया मोजून विकल्या जातात, पितळी कड्या-कोयंडे वेगळे काढून ठेवतात, दरवाजाची चौकट मुंबईचा कुणीतरी आधीच बघून गेलेला असतो. आणि माळ्यावरची सायकल? ती किलोवर. तिचं वय त्या चौकटीच्या निम्मं असेल, पण त्या घरातल्या माणसांना कचेरीत, शाळेत, दवाखान्यात तिनेच नेलेलं असतं.

आता रंगाचं सांगतो. एका गावात मला ‘ओरिजनल इंग्लंडची हंबर’ दाखवली होती. काळीभोर, चकचकीत, सोनेरी रेघा मारलेली. चिमटा बघितला तर साधा, दोन नळ्यांचा. म्हटलं असेल, साधी मॉडेलंही होती. खाली वाकून पायडलजवळचं, चेन फिरवणारं मोठं चक्र पाहिलं. हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या कापलेल्या असतात, एकदा पाहिलं की विसरत नाही. इथे साधं गोल चक्र. सीटखालच्या नळीवर नंबर असायला हवा तिथे पुट्टी भरून वरून रंगाचे दोन हात. हँडलखालचा पितळी बिल्ला तेवढा खरा होता आणि तो दुसऱ्याच कुठल्यातरी फ्रेमवर नव्या रिव्हेटने ठोकलेला होता. म्हणजे कुठेतरी एक खरी हंबर मोडली गेली, तिचा बिल्ला एकीकडे, चिमटा दुसरीकडे, हब तिसरीकडे गेला. मागितलेल्या किमतीत चांगली नवी गिअरची सायकल आली असती. घ्या न घ्या, पण रंगवलेली जुनी सायकल विकत घेताना आधी नंबर शोधा. नंबर दिसत नसेल तर तिथूनच परत फिरा.

रंग काढून नवा रंग देणारे सगळे काही फसवणारे नसतात, हेही मला माहीत आहे. बरेच जण प्रेमानेच करतात. आजोबांची सायकल आहे, नवी दिसावी, एवढीच भावना असते. पण मूळ रंगात किती गोष्टी असतात बघा. कारखान्यात भाजून बसवलेला काळा रंग असतो, हाताने ओढलेल्या रेघा असतात, ज्या दुकानातून घेतली त्याचा छोटा स्टिकर असतो. सॅंडपेपर एकदा फिरला की ते सगळं गेलं. क्रोमचंही तेच. गंजाचे ठिपके साध्या पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलने घासले तरी बरेचसे निघतात, लगेच नवीन प्लेटिंग करायची घाई कशाला?

माझी हंबर शेवटी निफाड तालुक्यात मिळाली, कांदाचाळीच्या आडोशाला, बारदानाखाली. घर एका निवृत्त मास्तरांचं. मास्तर वारलेले, त्यांचा मुलगा द्राक्षबाग करतो. म्हणाला, “काय करायची दादा ती आता? भंगारवाला दोनदा येऊन गेला, आईने दिली नाही.” बारदान काढलं आणि चिमट्याच्या चार नळ्या दिसल्या. बोलायला शब्द सुचेना.

पण मला तुम्हाला वेगळंच सांगायचंय. हँडलखालच्या बिल्ल्यावर हळद-कुंकवाचा जाड थर होता. दर दसऱ्याला मास्तर सायकलची पूजा करायचे, वर्षावर वर्षं, एकावर एक बोटं. वाळून कडक झालेल्या त्या थराखाली बिल्ल्याचं पितळ जसंच्या तसं राहिलं होतं. कडेला झेंडूच्या माळेचा दोरा अजून ब्रेकच्या रॉडला गुंडाळलेला होता. मास्तरांच्या पत्नी, आम्ही त्यांना आजीच म्हणायला लागलो, बाहेर येऊन खाटेवर बसल्या. सायकलीची किंमत मुलाने ठरवली, पण आजींनी मला बसवून ती कुठे कुठे गेली ते सांगितलं. पगाराच्या दिवशी लासलगावला, परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन निफाडला, मोठ्या मुलीला बाळंतपणाला दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना तेव्हा निरोप द्यायला रात्री शेजारच्या गावात.

ती हळद मी काढलेली नाही. काढणारही नाही.

नाशकात आणल्यावर जुन्या नाशकातल्या एका मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मागच्या हबवर पुसट अक्षरं होती, रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर ‘एडब्ल्यू’ हे हबचं मॉडेल आणि ‘54’ वाचता आलं. स्टर्मी-आर्चर हबवर बनवल्याचं वर्ष कोरायचे, त्यामुळे हब बदललेला नसेल तर सायकलीचं वय शोधायला यासारखा पुरावा नाही. पायडलच्या एक्सलचा कप ढिला होता. मी नवा टाकायचं म्हटलं तर चाचांनी माझा हात धरला. “हात लावायचा नाही. याची चुडी बारीक आहे, बाजारातला कप घुसवला तर फ्रेम गेली.” खरं आहे. रॅलेच्या घरातल्या या सायकलींना इंचाला 26 आटे, बाकी बहुतेक ठिकाणी 24. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पाना फिरवणाऱ्या हाताला कळतो. असे हात शहरात आता थोडे उरलेत. त्यांच्या दुकानात सायकल टाकून निघून जाऊ नका, शेजारी बसून बघा.

टायरची भीती मात्र बाळगू नका. 28 बाय दीडचा टायर आपल्याकडे कुठल्याही गावात मिळतो, कारण आपल्या काळ्या देशी सायकलीही त्याच मापाच्या. आणि आसनसोलच्या सेन-रॅलेची सायकल मिळाली तर ‘ही काय इंग्लंडची नाही’ म्हणून नाक मुरडू नका. आपल्या कामगारांनी बनवलेली ती सायकल तितकीच जपण्यासारखी आहे.

नाशिकला सायकलींचं शहर म्हणवून घ्यायला आपल्याला आवडतं आणि त्याला आधार आहे. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. पंढरपूरची सायकल वारी इथून निघते. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलं, तसं काही आपल्याकडेही व्हावं असं मला मनापासून वाटतं. तोवर निदान कॅफेच्या भिंतीवर टांगण्यासाठी चांगल्या चालत्या सायकलीच्या चेन कापू नका. हंबरवर मी रविवारी गंगापूर धरणापर्यंत जातो. चढाला पहिला गिअर, सपाटीला दुसरा, आणि ती टिकटिक.

चेनच्या पेटीचा मागचा छोटा तुकडा तेवढा नाही, तो शोधतोय. कुणाकडे सुटा पडला असेल तर कळवा, कसाही गंजलेला चालेल. आणि तुमच्या गल्लीत वाडा पडणार असेल, माळ्यावर सायकल असेल, तर वजनकाटा येण्याआधी मला मेसेज टाका. मी घेणारच असं नाही, पण जो चालवेल त्याच्यापर्यंत ती नक्की पोचवेन.