आपल्यावर केस होऊ नये म्हणून काय करायचं, असं विचारणाऱ्या मालक मित्रांना

परवा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आम्ही चार-पाच कारखानदार चहाला बसलो होतो. एकाला कामगाराच्या वकिलाची नोटीस आलीय, भेदभाव केला म्हणून. लगेच सगळ्यांचा प्रश्न, "असली भानगड आपल्यावर येऊ नये म्हणून कुठला कागद करून ठेवायचा?"

कागद लागतोच. पण आधी माझ्याकडं काय झालं ते सांगतो.

आमच्या फौंड्रीत कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करणाऱ्या बायकांना गड्यांपेक्षा रोजचे ६० रुपये कमी मिळायचे. वडिलांच्या काळापासूनची रीत, मी कधी का म्हणून विचारलंच नाही. एक दिवस एक मावशी ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. "मालक, त्येचा कोअर आनि माजा कोअर शेजारी ठेवा. बाईनं केलेला कुटला, वळकून दावा."

मला ओळखता आला नाही.

समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे. म्हणजे इतकी वर्षं आम्ही कायदा मोडत होतो, आणि त्या बाई वकिलाकडं न जाता आधी माझ्याकडं आल्या. आत कुणी ऐकून घेत नाही, तेव्हाच माणूस बाहेर जातो.

त्यानंतर दर माणसाचा नाही, कामाचा ठरवला. कोअर, मोल्डिंग, फेटलिंग, प्रत्येकाचा दर गेटजवळच्या फळ्यावर लिहिलाय. कुणाला बढती दिली, का दिली, हे त्याच दिवशी रजिस्टरात उतरवतो. तक्रार केलेल्याचा ओव्हरटाइम सुपरवायझरनं परस्पर कापायचा नाही, हेही बजावलंय.

आणि मुलाखतीत "पावणं कुठलं?" विचारणं बंद केलं. ते जात काढायला विचारतात हे आपल्याला चांगलं माहीत आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानात नोकरीच्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. त्याच कोल्हापुरात आजही एखाद्या शॉपमध्ये कुणाचा पेला वेगळा ठेवलेला मी पाहिलाय. तिथं ॲट्रॉसिटी दाखल झाली की खोटी केस म्हणून ओरडायचा अधिकार आपल्याला नाही.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. ठेकेदाराची माणसंही त्यात धरायची. अध्यक्ष आपल्याकडचीच वरिष्ठ बाई, निम्म्या सदस्य बायका, एक बाहेरचा सदस्य. नाही केली तर ५० हजारांपर्यंत दंड. बऱ्याच ठिकाणी मालकिणीचं नाव अध्यक्ष म्हणून घातलेलं असतं आणि बैठक एकही झालेली नसते. ज्या पोरीला त्रास होतोय ती त्या समितीकडं कशी जाईल?

बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेत बाईला कामावरून काढता येत नाही, हेही काहींना अजून सांगावं लागतं.

मावशींचा दर मी पुढच्याच महिन्यापासून सारखा केला. मागचा फरक मात्र एकाच वर्षाचा दिला, आणि ते चुकलं. उरलेल्या वर्षांची हजेरीपत्रकं काढून सगळ्या बायकांचा हिशेब करायला अकौंटंटना सांगितलंय. दिवाळीच्या आत पैसे पोचते करणार.