सातबारा घडी घालून परदेशी नेण्याची रीत

परदेशी स्थायिक होणाऱ्याने आपली साठवण सोबत कशी न्यावी, हे सांगणाऱ्यांचा अलीकडे तुटवडा राहिलेला नाही. त्या सर्व मार्गदर्शनात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती ही की आपली साठवण बँकेत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस किंवा घाटंजी तालुक्यातल्या वाचकाचा पहिला घोटाळा इथेच होतो. त्याच्या घरची साठवण म्हणजे वडिलांच्या नावावरचे साडेचार एकर कोरडवाहू वावर, त्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा, आईच्या दोन पाटल्या, एक बैलजोडी, तिघा नातेवाइकांना हातउसने दिलेले आणि आता मागण्यासारखे न राहिलेले पैसे, आणि धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एक बाभूळ, जी आपली की चुलत्याची याचा निकाल अजून लागायचा आहे. एवढी संपत्ती विमानाच्या दोन बॅगांत कशी बसवावी हे कोणीच सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

लेखकाने स्वतः पासपोर्ट काढलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. परंतु ज्यांनी कधी तुरीला पाणी दिलेले नाही त्यांचा कृषिसल्ला आपण वर्षानुवर्षे आदराने ऐकत आलो आहोत, तेव्हा या कारणावरून माझा सल्ला नाकारणे अन्यायाचे होईल.

पहिली पायरी कर्जाची. आपण शिक्षणाच्या वाटेने बाहेर पडणार असाल तर बँकेकडे जावे लागेल आणि कर्ज साधारण साडेसात लाखांच्या वर गेले की तारण द्यावे लागेल. आपण मोठ्या विश्वासाने सातबारा पुढे कराल. साहेब तो तितक्याच आदराने परत करतील. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे कर्ज थकले तर बँकेला ती जमीन त्या कायद्याखाली ताब्यात घेऊन विकता येत नाही. शेतकऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून ठेवलेली ही तरतूद इतकी चोख काम करते की अशा कर्जासाठी बँक त्याच्या वावराकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला फ्लॅट चालतो, अकृषक प्लॉट चालतो, मुदतठेव चालते. म्हणून परदेशगमनाची खरी तयारी आपल्या वडिलांच्या लग्नाच्या वेळीच सुरू व्हायला हवी होती: सोयरीक जुळवताना मुलीच्या भावाचे नागपुरात पक्के घर होईल की नाही, एवढे आजोबांनी पाहायला हवे होते. त्यांनी मुलीचा स्वभाव आणि घरचे वळण पाहिले. त्याची फळे आता नातवाने भोगावीत.

कर्ज मिळाले की पैसे ‘दाखवण्याचा’ विधी येतो. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने तिथल्या गोठवलेल्या खात्यात वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो आधी भरून ठेवायचे आणि मग आपलेच पैसे महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे परत घ्यायचे, अशी २०२४ च्या सप्टेंबरपासूनची रीत आहे. युरो शंभर रुपयांचा धरला तर ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. तो हातात पडला असे समजले, आणि समजायला पैसे पडत नाहीत, तर सुमारे १४७ क्विंटल कापूस त्या खात्यात ओतावा लागेल. एकरी पाच क्विंटलचा उतारा धरल्यास आपल्या साडेचार एकरांना हे साडेसहा वर्षांत जमते. अट एवढीच की मधल्या काळात बी, खत, फवारणी, वेचाईची मजुरी आणि जेवण यांवर कोणी खर्च करू नये आणि बोंडअळीनेही समजूतदारपणा दाखवावा.

वर्षभर जगण्याइतका पैसा गाठीशी असल्याशिवाय आत घेणार नाही, हा त्या देशाचा नियम कोणाला कठोर वाटेल. मला तो फार विचारी वाटतो. आपल्या वडिलांकडे असा पुरावा दर जून महिन्यात मागितला गेला असता, तर त्यांना त्यांच्याच गावात पेरणी करू दिली गेली नसती.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी, काही देशांच्या बाबतीत, ‘फंड दाखवून देतो’ म्हणणारे सद्गृहस्थ भेटतात. चार दिवस आपल्या खात्यात लाखो रुपये उभे राहतात, बँकेचा दाखला निघतो आणि पैसे मूळ मालकाकडे परततात. आपल्याकडे राहते ते फक्त व्याज, भरायचे. यात नवे काही नाही. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हणून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आपल्या अंगणात उभा करण्याची प्रथा जुनीच आहे. फरक इतकाच की पाहुण्यांना नंतर कळले तर फार तर रुसवा होतो. वकिलातीला कळले तर अर्ज नामंजूर होतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जामागे तो नकार सावलीसारखा येतो. हे आपल्याला कोणी सांगणार नाही, म्हणून आपणही विचारू नये.

आता मुख्य विषय, वावर विकण्याचा. गावातल्या जाणत्यांचा सल्ला एकमुखी असतो: “इकून टाक ना बापा, तिकडून कोन येते वाहाले?” विक्री सोपी आहे, कारण सोसायटीचा बोजा उतरवला आणि चुलत्याने बांधावर उभे राहून हरकत घेतली नाही, की उरते फक्त गिऱ्हाईक. ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे नफ्यावर करही नाही. सल्लागार एवढे सांगून थांबतात. पुढची गोष्ट अशी की परकीय चलनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फळबाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आधीची असेल ती ठेवता येते, वारशाने आली तर घेता येते, विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. नवी घेता मात्र येत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतले तर इकडचे आपोआप जाते, आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या ओसीआय कार्डावरही एक गुंठा शेती विकत मिळत नाही. म्हणजे दुबईत इमारत बांधू शकणारा आमच्या शिवारातला माणूस आपल्याच धुऱ्याला लागून असलेले दीड एकर घेऊ शकत नाही. ज्याला हे आधी कळते तो विकताना अडखळतो, म्हणून हे नंतरच कळावे, असे माझे मत आहे.

विकलेल्या वावराचे पैसे मुलाकडे धाडण्यासाठी रिझर्व्ह बँकेने उदार व्यवस्था केली आहे. भारतात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. रुपयांत ही मर्यादा दोन कोटींच्या वर जाते. ती ओलांडली जाईल या भीतीने आमच्या गावात अद्याप कोणाची झोप उडालेली नाही. परंतु दुसरी एक रेघ बरीच अलीकडे आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या वर रक्कम गेली, आणि ती शिक्षण किंवा औषधोपचार सोडून इतर कामासाठी असली, की वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच वसूल करून सरकारजमा करते. हा पैसा बुडत नाही. आयकराचे विवरणपत्र भरले की परत मागता येतो. आता आपले वडील पाहा. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून त्यांनी जन्मात विवरणपत्र भरले नाही. ज्यांच्यावर कर नाही त्यांनी, न लागलेला कर परत मिळावा म्हणून, वयाच्या पासष्टाव्या वर्षी करदाता व्हावे, ही योजना ज्याला सुचली त्याने कधीतरी तलाठी कार्यालयात काम केले असावे.

आपण नोकरीसाठी बाहेर पडलात की आपले इथले बचत खाते साधे राहत नाही. ते अनिवासी, म्हणजे एनआरओ, करून घ्यावे लागते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, जुने खाते मुदत संपेपर्यंत चालते, नवे उघडता येत नाही. एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते आणि त्यासाठी १५ सीए व १५ सीबी या नावांनी ओळखले जाणारे आयकराचे दोन फॉर्म लागतात, त्यांतला दुसरा सनदी लेखापाल देतो. हे सर्व कायदेशीर आहे, आणि म्हणूनच आमच्याकडे कोणी करत नाही. जिल्हा बँकेच्या शाखेत जाऊन एनआरओ म्हटले तर समोरची व्यक्ती ते गाव कोणत्या तालुक्यात येते असे विचारण्याचा संभव आहे. त्यापेक्षा खाते आहे तसेच पडू द्यावे. जमीन आपल्या नावावर झालेली असेल तर त्यात पीएम-किसानचे दोन हजार रुपये चार महिन्यांनी येत राहतात. अनिवासी भारतीय त्या योजनेला पात्र नाही, परंतु ही बातमी योजनेपर्यंत पोहोचवायची कोणी? फ्रँकफुर्टच्या बर्फात उभे राहून, खरीप पेरणीसाठी शासनाची मदत खात्यात जमा झाल्याचा संदेश वाचणे हा अनुभव पैशांत मोजता येणारा नाही. वसुलीची नोटीस येते तेव्हा तो मोजता येतो.

साठवण अशी रांगेला लागली की नोकरी उरते. मोठ्या कंपनीतला माणूस खुर्चीसकट दुसऱ्या देशात बदलून जातो, असे ऐकतो. आमच्याकडे नोकरी हीच मुळी साठवण असते. एखाद्या संस्थेत शिक्षक म्हणून लागण्यासाठी ‘इमारत निधी’ या नावाखाली ज्याने दोन एकर दिले, त्याच्या दृष्टीने ती नोकरी म्हणजे दोन एकरच आहेत, फक्त त्यांवर पाऊस पडण्याची वाट पाहावी लागत नाही. शंभर टक्के अनुदानाची पाहावी लागते. अशी नोकरी हलवता येत नाही, विकता येत नाही आणि सोडली तर निधी परत मिळत नाही. अशा माणसाने परदेशाचे नाव काढू नये. इतरांसाठी शासनाने दार उघडले आहे: २०२४ साली महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. वायरमन, नर्स, ड्रायव्हर यांना तिकडे मागणी आहे; मधे फक्त जर्मन भाषा आहे.

आखाताकडे जाणाऱ्याला भाषेची अडचण नाही, त्याला एजंट आहे. नोंदणीकृत एजंटाने सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घ्यावे, असा केंद्राचा नियम आहे. हा आकडा एजंटासमोर उच्चारू नये. तो मनमोकळा हसतो आणि आपल्याला कानकोंडे होते. पावतीही मागू नये. तो बहुधा आपल्याच कोणाचा तरी साडू असतो, आणि पावती मागणे म्हणजे सोयरीक मोडणे.

सोबत काय न्यावे याविषयी थोडक्यात. रोख परकीय चलन एका वेळी तीन हजार डॉलरपर्यंत आणि भारतीय नोटा पंचवीस हजारांपर्यंत नेता येतात. आईने बांधून दिलेले अंबाडीचे बी ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर निघाले आणि आपण ते कागदावर लिहिलेले नसले, तर त्याच्या दंडात इथे पोतेभर बी आले असते.

आमच्या भागातली संपत्ती परदेशी जाण्याची ही पहिलीच वेळ आहे, असे मात्र मानू नये. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस आठवला. १८७० साली खामगावपर्यंत खास रेल्वे आली, ती यात्रेकरूंसाठी नव्हे. यवतमाळहून मूर्तिजापूरला पूर्वी धावणारी आपली शकुंतला रेल्वे तर स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे ब्रिटिश कंपनीच्या मालकीची होती आणि आपली रेल्वे तिचे भाडे भरत होती. या सर्व काळात आमच्या पैशाला १५ सीबी लागले नाही. उलट दिशेनेही वाट मोकळीच असते: १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ होते, म्हणजे बरोबर आमची वेचणी सुरू असताना त्या गाठी आल्या, आणि त्यांना कोणी ९९२ युरो दाखवायला सांगितले नाही.

एवढे सगळे वाचूनही आपण वावर विकले नाही आणि गेलात, तर मग आपल्याला कुलमुखत्यारपत्र करावे लागेल. तिकडच्या भारतीय वकिलातीत सही करायची, कागद इकडे पाठवायचा आणि तो पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. मुखत्यार म्हणून चुलत्यालाच नेमावे. तो जवळ राहतो, त्याचे वावर लागूनच आहे आणि त्याला आपली जमीन आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. ठोक्याचे, म्हणजे खंडाचे, पैसे तो देईल. ज्या वर्षी पाऊस कमी झाला त्या वर्षी देणार नाही, आणि पाऊस जास्त झाला त्या वर्षीही नाही.

देखरेखीची काळजी करू नये. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत जगातून कुठूनही काढता येतो. जी साठवण नेता आली नाही ती पाहायला एवढे स्वस्त झाले आहे. त्यावर क्षेत्र दर वर्षी तेवढेच दिसेल, कारण धुरा एका वर्षात एकच तास, म्हणजे नांगराची एक रेघ, सरकतो आणि एक तास सातबाऱ्यावर उमटत नाही. ई-पीक पाहणीचा फोटो मात्र वावरात उभे राहूनच काढावा लागतो, तो चुलता काढेल. तो मागवून घ्यावा आणि मोबाईलवर मोठा करून पाहावा. पुढे पऱ्हाटी असेल. तिच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, बाभूळ असायला हवी.