‘फोटो काळपट, रंग खोटा’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत की तांब्याच्या नाण्यांचे फोटो काळपट आले, रंग खोटा आहे आणि मोबाइलवर यापेक्षा बरे येतात. तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल क्षमस्व. फोटो द्यायला उशीर झाला, त्यावरही वाद नाही.

पण ‘रंग खोटा’ हे लागलं. रंग खरा येतो म्हणूनच लोक आमच्याकडे नाणी आणतात, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुमची नाणी गडद तपकिरी आहेत. तांब्यावर चढलेला ऑक्साइडचा थर उजेड गिळतो. त्यात नाणं पांढऱ्या कागदावर ठेवून कॅमेरा ऑटोवर सोडला, की तो कागदाच्या उजेडाला घाबरून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, खाली आणतो आणि नाणं काळं पडतं. आम्ही तसं करत नाही. मागे मध्यम करडा कागद, एक्स्पोजर मॅन्युअल, आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा चॅनेल वेगळा बघतो, कारण तांब्यात लाल आधी जळतो, म्हणजे उजेड जास्त होऊन त्यातला तपशील जातो. सगळ्या रंगांचा एकत्र आलेख ठीक दिसत असतो आणि अक्षरांच्या उंच कडांवर सपाट नारिंगी डाग पडलेला असतो. एक्स्पोजर आणखी वाढवलं असतं तर तुम्हाला हवा तसा उजळ फोटो मिळाला असता, पण त्या कडा गेल्या असत्या. मी कडा राखल्या.

मोबाइलचं म्हणाल तर घरातला पिवळा दिवा 2700 केल्व्हिनच्या (उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा) आसपास असतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची कॅमेऱ्याची जुळणी, त्याप्रमाणे केली नाही, तर तपकिरी नाणंही टाकसाळीतून आत्ताच आल्यासारखं लाल दिसतं. आमचे दिवे 5000 केल्व्हिनचे, व्हाइट बॅलन्स ग्रे कार्डवर (रंग जुळवायचं करडं कार्ड), खिडकी बंद. विकणाऱ्याला लाल फोटो आवडतो, कळतं मला. पण तांब्याचं नाणं लाल की तपकिरी यावर त्याचा भाव ठरतो, आणि नाणं हातात पडल्यावर घेणारा भांडायला तुमच्याकडेच येणार.

आणखी एक. हे लिहावं की नाही, असं वाटत होतं. नाणी प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढायची नाहीत, ही अट तुमची होती. नाणी तुमची, हक्क तुमचा. पण पाकीट चमकतं म्हणून दिवे खाली, तिरपे घ्यावे लागले. तिरप्या उजेडात नक्षी उठते, तशी खोलगट भागात सावलीही पडते. तुम्ही काळपट म्हणता त्यात मोठा वाटा त्या सावलीचा आहे. नाणी बाहेर काढली असती तर वर 45 अंशांत काच धरून उजेड थेट वरून उतरवता आला असता. हे काम घेतानाच सांगितलं होतं.

असो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल, ठेवल्या आहेत. सावल्या थोड्या उचलून पुन्हा पाठवतो, जादा पैसे नकोत. दिव्यांच्या मांडणीतही काही बदल करायचं चाललंच आहे. ताऱ्यांचं तेवढं एकदा बघता आलं तर बघा, नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचतं.